पुण्याची सीट

लिमये सर दिवाणावर बसले होते आणि सेल्वी मॅडम खुर्चीवर. दोघांच्याही हातात पोह्यांची बशी होती, दोघांच्याही पोह्यांवर आईनं सढळ हातानं तर्री ओतली होती. लिमये सरांच्या कपाळावर घाम आला होता. सेल्वी मॅडम मात्र आरामात खात होत्या. दोघं एकाच सकाळी, एकाच पोरीसाठी आमच्या घरी येऊन बसले होते आणि त्या पोरीशी अजून कोणीच बोललं नव्हतं.

ती पोरगी मी. शलाका निनावे. तेव्हा अठरा वर्षांची होते, बारावीचा निकाल नुकताच लागला होता आणि उंची पाच फूट अकरा इंच. नागपुरात आमच्या वस्तीतली पोरं मला ‘खांब’ म्हणायची. पण त्या वर्षीच्या ज्युनिअर राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत सगळ्यांत जास्त गुण या खांबाचे होते, आणि पेपरात फोटो आल्यापासून पोरांनी चिडवणं जरा कमी केलं होतं.

लिमये सर पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजचे कोच होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि बाबांना नीट समजावून सांगितलं. खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश, हॉस्टेल, विद्यापीठाच्या स्पर्धा, तीन वर्षांनी हातात डिग्री आणि मग रेल्वेत किंवा बँकेत नोकरी. त्यांच्या हाताखालच्या किती मुली कुठं कुठं लागल्या, त्यांची नावंही त्यांनी घेतली. बाबा मान डोलावत ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी क्वचित पाहिलं होतं.

मग सेल्वी मॅडमची पाळी आली. त्या कोइमतूरच्या होत्या, भारताकडून खेळलेल्या, आता कोच. त्या वर्षी देशात मुलींची व्यावसायिक लीग नव्यानं सुरू होत होती, सहा शहरांचे सहा संघ, आणि कोइमतूरचा संघ त्यांच्याकडे होता. त्या हिंदीत बोलत होत्या, थांबत थांबत. एका मोसमाचा करार, दरमहा पगार, राहणं-जेवण. कॉलेज करता येणार नाही, कारण सराव दिवसातून दोनदा. पुढच्या वर्षी लीग असेल का, असं बाबांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की ते त्यांनाही माहीत नाही.

आईनं स्वयंपाकघरातूनच विचारलं, “बारावीला ऐंशी टक्के पाडले, ते बॉल टाकायला का?”

बाबा स्वतः खेळाडू होते. तरुणपणी व्हॉलीबॉल खेळायचे, आणि त्याच जोरावर दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली होती. मला मैदानावर पहिल्यांदा नेलं ते त्यांनीच. पण त्यांच्या हिशेबी खेळ म्हणजे नोकरीपर्यंत नेणारी बस होती. आपला स्टॉप आला की उतरायचं. बसमध्येच घर करून राहायचं, हे काही त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं.

मी सेल्वी मॅडमना एकच प्रश्न विचारला. तिथं मी रोज सराव कोणाबरोबर करणार?

“जिन्सीबरोबर,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षं भारताकडून खेळली आहे. पहिले दोन महिने ती तुला बास्केटजवळ फिरकूसुद्धा देणार नाही.”

लिमये सर हसले. त्यांना वाटलं असावं, अशा बोलण्यावर कोण भाळणार. पण मी त्याच क्षणी मनात कोइमतूरला पोचले होते. नागपुरात मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं आणि त्याचा मला कंटाळा आला होता. हे घरात कोणाला सांगितलं असतं तर माज चढला म्हणाले असते, म्हणून मी कधी बोलले नव्हते.

त्यानंतर आठवडाभर घरात वाद झाला. शेवटी तोड लिमये सरांनीच काढली. माणूस भला होता. प्रवेश ऑगस्टच्या शेवटापर्यंत चालू असतात, तोवर मी हिची सीट धरून ठेवतो, असं त्यांनी फोनवर सांगितलं. बाबा मला म्हणाले, “ऑगस्टपर्यंत पाहू. जमलं तर ठीक, नाही तर पुणे. अन् जमलं की नाही जमलं, ते मी तिथं येऊन ठरवीन. तू नाही.”

मी हो म्हटलं. जमणार नाही अशी शंकाही मला शिवली नव्हती.

कोइमतूरला माझ्या खोलीत दामिनी साहू होती. छत्तीसगडच्या राजनांदगावची, माझ्याच वयाची आणि माझ्यासारखीच कॉलेजची सीट सोडून आलेली. लीग सुरू होण्याआधी आम्हा दोघींचा फोटो तिथल्या इंग्रजी पेपरात आला होता, पाठीला पाठ लावून, हाताची घडी घालून. त्या फोटोची आम्ही चार-पाच कात्रणं घेऊन ठेवली होती.

आणि जिन्सी होती. केरळातल्या कोट्टायमची, एकतीस वर्षांची, एका मुलीची आई, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. सगळ्या तिला चेची म्हणायच्या, म्हणजे ताई. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर बॉल घेऊन उभी राहिले, डावीकडे झुकल्याचं दाखवलं आणि उजवीकडून उडी मारली. हा माझा हुकमी डाव होता, यावर मी राष्ट्रीय स्पर्धा गाजवली होती. चेचीनं बॉल माझ्या हातातून असा काढून घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून चाकू काढून घ्यावा. दुसऱ्यांदा तेच. दिवसभर तेच. त्या संध्याकाळी मी भयंकर थकले होते आणि भयंकर खूश होते.

खुशी लवकर ओसरली. सामने सुरू झाले आणि मी बाकावर बसले. एक सामना, दुसरा, तिसरा. संघ जिंकत होता, हरत होता, माझी जर्सी कोरडीच होती. दामिनीचंही तेच. नवीन पोरींना सुरुवातीला थांबावं लागतं, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. मग तेही सांगेनाशा झालो. आई फोनवर विचारायची, आज किती गुण केले. मी म्हणायचे, नेट नीट येत नाही, नंतर बोलते.

ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी मी जेवून खोलीत आले तर दामिनी बॅग भरत होती. भिलाईच्या कॉलेजनं तिला परत बोलावलं होतं. ती रडत नव्हती. अगदी नीट घड्या घालून कपडे ठेवत होती.

“तूपण चल,” ती म्हणाली. “पुण्याचे सर थांबले आहेत ना तुझ्यासाठी? इथं बाकावर बसून आपण म्हाताऱ्या होऊ.”

मी तिची बॅग रिक्षापर्यंत नेली. ती गेल्यावर खोली एकदम मोठी झाली. तिच्या पलंगावर मी माझा टॉवेल वाळत घातला, मग तो मला बघवेना म्हणून काढून घेतला आणि तशीच उठून सेल्वी मॅडमकडे गेले.

मॅडम ऑफिसात डबा खात होत्या. मी उभ्या उभ्याच विचारलं, मला खेळवत का नाही.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “गुण करणाऱ्या चार जणी आहेत माझ्याकडे. तू पाचवी. पण समोरची बॉल घेऊन अंगावर आली की तू काय करतेस, माहीत आहे?”

मला माहीत नव्हतं.

“बाजूला होतेस. दर वेळी. पाऊलभरच, पण होतेस. तिकडे तुला कोणी बोललं नसेल.”

कोणी बोललं नव्हतं, हे खरं. उलट आमच्या नागपूरच्या सरांनी शिकवलंच तसं होतं. तू संघाचा आधार, तू फाउल करून बाहेर गेलीस तर आपण मेलो, कोणी अंगावर आलं तर जाऊ दे, पुढच्या वेळी आपण दोन गुण करू. मी जाऊ देत होते आणि दोन गुण करत होते. इतकी वर्षं ते पुरत होतं.

मॅडमनी उठून टेबलाच्या बाजूला मला उभं केलं आणि पावलं टाकून दाखवलं. समोरची खेळाडू बॉल घेऊन बास्केटकडे मुसंडी मारते. तिच्या वाटेत तुम्ही आधीच दोन्ही पाय रोवून उभ्या असाल आणि ती येऊन तुमच्या छातीवर आदळली, तर फाउल तिचा. तिनं बास्केट केलं असलं तरी ते रद्द, बॉल तुमचा. पण उभं राहायला निमिषभर उशीर झाला किंवा शेवटच्या क्षणी अंग वळलं, तर फाउल तुमचा. याला चार्ज घेणं म्हणतात. मला ते पुस्तकातून ठाऊक होतं. आयुष्यात एकदाही केलं नव्हतं.

“जिन्सी शिकवेल,” त्या म्हणाल्या. “शिकायचं असेल तर. नाही तर तुझं पुणं आहेच.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा सराव संपून सगळ्या गेल्या की मी आणि चेची हॉलमध्ये थांबायचो. चेचीनं आधी मला नुसतं पडायला लावलं. हनुवटी छातीला टेकलेली, हात छातीवर, आधी बूड टेकायचं, मग पाठ, मग घसरत जायचं, डोकं कधीच नाही. पहिले दोन दिवस गादीवर, मग लाकडी जमिनीवर. मग ती स्वतः अंगावर धावून यायला लागली.

मी वळायचे. मनात घट्ट ठरवून उभी राहायचे आणि ती दोन पावलांवर आली की माझा उजवा खांदा आपोआप मागे जायचा. चेची चिडायची नाही. परत मागे जायची, गुडघ्याची पट्टी वर ओढायची, परत धावत यायची. ती मला ‘मोळे’ म्हणायची, त्यांच्या भाषेत पोरी.

“मोळे, डोळे मिटतेस तू,” तिनं पाचव्या दिवशी सांगितलं. “मिटलेस की वळणारच. माझ्या पोटाकडे बघत राहा. तोंडाकडे नाही, बॉलकडे नाही.”

त्याच सुमारास बाबांचा फोन आला. रविवारी दुपारचा सामना बघायला येतो, म्हणाले. सोमवारी लिमये सरांना उत्तर द्यायचं आहे. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मी पुण्याचा विचार केला, आणि पहिल्यांदाच तो विचार मला वाईट वाटला नाही. हॉस्टेल, मैत्रिणी, विद्यापीठाच्या स्पर्धा, माझे पुन्हा वीस-पंचवीस गुण. आई खूश. मी खरोखरच बॅग कशी भरायची याचा विचार करायला लागले होते.

तरी रोज पडायला जात होतेच. का, ते सांगता येत नाही. अर्धवट सोडून जावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी चेची पुरत्या वेगानं आली आणि मी पहिल्यांदा वळले नाही. तिचा खांदा सरळ छातीत बसला. मी पडले, घसरले आणि तशीच पडून राहिले, कारण श्वासच येईना. वरच्या छताच्या पत्र्याचे पट्टे दिसत होते. चेचीनं वाकून माझ्या पोटावर हात ठेवला, हळूहळू श्वास घ्यायला लावला. आज पुरे, असं ती म्हणाली.

मी उठून बसले. छातीत कळ होती, पण काहीतरी मोकळं झालं होतं. इतकी वर्षं ज्याला घाबरून मी बाजूला होत होते, ते एवढंच होतं? पडायचं आणि उठायचं?

“चेची, आणखी एकदा,” मी म्हटलं.

त्या दिवशी मी किती वेळा पडले ते आठवत नाही. पाठ लालबुंद झाली होती.

रविवारी बाबा हॉलमध्ये शिरले ते मी सराव करताना पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. ते तिथल्या कॉलेजच्या मुलींच्या घोळक्यात मधोमध जाऊन बसले. मी हात केला, त्यांनी मान हलवली.

सामना चेन्नईशी होता. त्यांच्याकडे अमेरिकेहून आलेली डेनीस होती. प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घ्यायला मुभा होती, पण डेनीससारखी दुसरी कोणी नव्हती. माझ्यापेक्षा जवळजवळ अर्धा फूट उंच, खांदे दाराएवढे. ती बॉल घेऊन निघाली की आमच्या पोरी आपोआप पांगायच्या आणि ती बास्केटखाली जाऊन सावकाश बॉल आत टाकायची. एकटी चेची तिला भिडत होती. भिडून भिडून चेचीचे चार फाउल झाले. पाचवा झाला की बाहेर. चारपैकी तिसरं सत्र संपत आलं तेव्हा आम्ही नऊ गुणांनी मागे होतो.

सेल्वी मॅडमनी चेचीला बोलावून बाकावर बसवलं, बाकाकडे एक नजर टाकली आणि माझ्याकडे बोट केलं.

मी आत गेले. पहिल्याच खेपेला डेनीस बॉल घेऊन माझ्या बाजूनं आली. मी धावत जाऊन तिच्या वाटेत उभी राहिले, पण पाय टेकायला उशीर झाला. ती आदळली, मी पडले, शिटी वाजली. फाउल माझा. डेनीसनं दोन्ही फ्री थ्रो घातले. अकरा गुणांनी मागे.

मी बाकाकडे पाहिलं. आता मॅडम उठतील, मला परत बोलावतील, आणि उद्या पुणे. मॅडम उठल्या नाहीत. हाताची घडी घालून बसून राहिल्या. त्यांच्या शेजारी चेची मात्र पुढे वाकून स्वतःच्या पोटावर बोट ठोकत होती. पोटाकडे बघ.

दुसऱ्या खेपेला मी आधीच जाऊन उभी राहिले. डेनीस मधल्या रेषेजवळच होती तेव्हापासून मला कळलं होतं की ती कुठून येणार. तिचा रस्ता नेहमी तोच असायचा, कारण कोणी अडवतच नव्हतं. मी पाय रोवले, हात छातीवर घेतले आणि तिच्या पोटावरच्या आकड्याकडे बघत राहिले. तो आकडा मोठा होत गेला. माझा उजवा खांदा जागच्या जागी राहिला.

धडक बसली तेव्हा चेचीच्या दसपट वाटली. मी पाठीवर घसरत बास्केटच्या खांबापर्यंत गेले. बॉल जाळीतून खाली पडताना मला दिसला आणि वाटलं, गेलं. मग शिटी ऐकू आली. पंचानं एक हात डोक्यामागे नेला आणि दुसऱ्या हाताची मूठ आमच्या बाजूला केली. बास्केट रद्द. फाउल डेनीसचा. बॉल आमचा.

आमचा अख्खा बाक उभा राहिला होता. हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. दोघींनी मला हात देऊन उठवलं, आणि डेनीसनंही जाता जाता माझ्या डोक्यावर हलकी थाप मारली.

पण सामना फिरला तो त्या धडकेनं नाही. तो फिरला त्यानंतरच्या खेपेला. डेनीस पुन्हा आली, त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं. मी पुन्हा उभी होते, पाय रोवून. तिनं मला पाहिलं. आणि दोन पावलांवर ती थांबली. एवढी दांडगी बाई बॉल हातात धरून जागच्या जागी थांबली, तिथूनच लांबून बास्केटकडे फेकला, आणि बॉल कड्यावर आपटून बाहेर आला. तो मीच उचलला.

त्यापुढे ती थांबतच राहिली. कधी लांबून फेकायची, कधी दुसरीला पास द्यायची, आणि त्या दुसऱ्यांना आमच्या मुली सहज अडवत होत्या. अकराचं अंतर सहावर आलं, मग दोनवर. मॅडमनी चेचीला परत आत पाठवलं. चेचीनं मला एक पास दिला, मी डावीकडे झुकल्याचं दाखवलं, उजवीकडून उडी मारली आणि बॉल आत. माझे व्यावसायिक खेळातले पहिले दोन गुण, आणि त्यांनी बरोबरी झाली. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. चेचीनं मला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी पडलो. या वेळी हनुवटी, हात, कशाचंही भान नव्हतं.

गर्दी ओसरली तशी मी बाबांकडे गेले. ते अजून जागेवरच बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. मी घामानं निथळत होते आणि मनात वाक्य तयार होतं. ते मी बसायच्या आधीच बोलून टाकलं.

“बाबा, मी पुण्याला जाणार नाही.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “मी परवाच लिमये सरांना फोन करून सीट सोडून दिली.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. परवा तर ते गाडीत असायला हवे होते.

ते शुक्रवारीच कोइमतूरला पोचले होते. स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले होते, मला न कळवता. मुलगी कशी राहते ते तिला सांगून गेलं तर कळणार नाही, असा त्यांचा विचार. सकाळीच हॉल कुठं आहे ते बघायला आले, तर वॉचमननं त्यांना वरच्या गॅलरीत जाऊ दिलं. तिथं अंधार होता. खाली मी आणि चेची होतो.

“ती बाई तुला पाडून राहिली होती,” बाबा सांगत होते, “अन् तू उठून पुन्हा उभी. मला पहिल्यांदा रागच आला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता घेऊन जातो पोरीला. मग तू पडली ते उठलीच नाही. मी जिना उतरायला निघालो होतो. तेवढ्यात तू बोलली, आणखी एकदा.”

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. खाली मुलं जमीन पुसत होती.

“कारखान्यात नोकरी पक्की झाली ना, त्यानंतरही मी बारा-पंधरा वर्षं खेळलो. कंपनीच्या टीमकडून. पण बॉल हातभर लांब असला, तर मी जाऊ द्यायचो. झेपावलो नाही कधी. नोकरी होती, हातपाय मोडून कोण घेतो? कोणाच्या लक्षात नाही आलं. माझ्या आलं होतं.” मग ते माझ्याकडे वळले. “तुला सोमवारी उचलून पुण्याला नेऊन बसवलं असतं, तर तूही तशीच खेळली असती. चांगली खेळली असती. नोकरीही लागली असती.”

मला मग अचानक रागच आला. “अन् आज मी हरले असते? रडत तुमच्याकडे आले असते, घरी चला म्हटलं असतं, तर?”

“तर म्हटलं असतं, सीट नाही आता, कुठं नेऊ तुला?” बाबा म्हणाले. “आठ दिवस शिव्या खाल्ल्या असत्या तुझ्या. त्याच्यासाठीच तर सामन्याच्या आधी फोन केला. नंतर केला असता तर तुझ्या हरण्या-जिंकण्यावर गेलं असतं ते.”

पिशवीतून त्यांनी आईनं दिलेला चिवड्याचा डबा काढला. त्या संध्याकाळी संघाच्या जेवणाला बाबा आमच्यात बसले. चेचीला हिंदी मोडकी यायची, बाबांची हिंदी नागपुरी, आणि दोघं व्हॉलीबॉलवर तासभर बोलत होती. चिवडा सेल्वी मॅडमनी संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची गाडी होती. स्टेशनवर सोडायला येते म्हटलं तर त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. सकाळी तुझी प्रॅक्टिस असते, म्हणाले.

ती लीग तीन मोसम चालली आणि बंद पडली. सेल्वी मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. तोवर मी भारताकडून खेळायला लागले होते, आणि पुढे थायलंडच्या एका क्लबनं बोलावलं, मग आणखी एका देशातल्या. माझ्या तिशीपर्यंत मी दुसरं काहीही केलं नाही. सकाळी उठून खेळले आणि त्याचे मला पैसे मिळाले. डिग्री मी मागाहून घेतली, मुक्त विद्यापीठातून, कारण आईनं पिच्छा सोडला नाही. पुण्याची माझी सीट लिमये सरांनी साताऱ्याच्या एका मुलीला दिली. ती पुढे राज्याच्या संघात माझ्याबरोबर होती, आणि पास देण्यात तिचा हात धरणारी दुसरी मी पाहिली नाही. दामिनी भिलाईहून रेल्वेत लागली. आम्ही दोघी अजून बोलतो.

बाबा कोइमतूरहून परत गेले त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी आईचा फोन आला. आवाज चढलेला होता.

“तुझ्या बाबांना तूच समजव,” आई म्हणाली. “दर रविवारी ग्राउंडवर जाऊन राहिले. पोरांमध्ये व्हॉलीबॉल खेळतात. आज कोपर फोडून घेऊन आले, शर्ट रक्तानं भरलेला. चोपन्न वर्षांचा माणूस, बाई. डॉक्टरनं टाके घातले अन् हे तिथंही हसत होते.”

मी म्हटलं, बाबांना फोन दे.

ते फोनवर आले. मागे आईची बडबड ऐकू येत होती.

“उचलला का बॉल?” मी विचारलं.

“उचलला,” बाबा म्हणाले.